बाई म्हणते, नाव घ्या!

गाडीला मोबाइल जोडणं हे कुकरचं झाकण लावण्याइतकं सोपं काम आहे, हे माझं मत आजही कायम आहे. झाकण बसत नसेल तर दोष झाकणाचा नसतो, लावणाऱ्याचा असतो!

आता आमच्या घरातलं उदाहरण घ्या. माझा नवरा रविराज रांजणगावच्या कंपनीत रोबोट चालवतो. (होय, मी नवऱ्याचं नाव घेते. पुढं त्यावरूनच सगळं रामायण आहे.) तर रोबोट चालवणारा हा माणूस आमच्या जुन्या घेतलेल्या गाडीत ब्लूटूथ जोडायला बसला आणि अख्खा रविवार घालवून बाहेर आला. म्हणाला, "स्नेहल, सिस्टीमच खराब हाय. आधीच्या मालकानं फसवलं आपल्याला."

मी म्हटलं, "सरक!"

चुलीवरचा चहा उतू जायच्या आत मी सासूबाईंचा मोबाइल गाडीला जोडून दाखवला. हो, सासूबाईंचाच. त्यांना मोबाइल नवा होता, सगळे नंबरही मीच भरून दिले होते, म्हटलं हेही काम आपल्याच हातून होऊ दे. स्टिअरिंगवर एक बटण आहे, ते दाबलं की गाडीतली बाई इंग्रजीत विचारते, कुणाला फोन लावू? आपण नाव सांगायचं, ती लावते. मी गल्लीभर सांगत सुटले. "हात लावायचा न्हाई, नुसतं बोलायचं!" आबा, म्हणजे माझे सासरे, मान हलवून म्हणाले, "सूनबाई हुशार हाय." रविराज तेव्हा टायरमधली हवा बघत होता. हवा बरोबर होती, तरी बघत होता.

तर हे झालं माझं कौतुक. आता ऐका पुढचं.

नणंदेचं, तेजश्रीचं लग्न दौंडला होतं. मुलगा रेल्वेत. सासरची सगळी मंडळीच रेल्वेतली. त्यांच्यात गाडी उशिरा आलेली चालते, लग्न उशिरा लागलेलं चालत नाही! तेजश्री, रविराज आणि निम्मं वऱ्हाड पहाटेच पुढं गेलं. मी आणि सासूबाई नवरीचा शालू घेऊन मागून आमच्या गाडीतून निघालो. शालूला फॉल लावणाऱ्या बाईनं ऐनवेळी दिला, म्हणून आम्ही मागं. आणि आबा घराला कुलूप लावून, गुराढोरांचं बघून शेवटी शाकीरभाईच्या टेम्पोतून येणार होते.

निघताना तीन गोष्टी आधीच बिघडलेल्या होत्या. एक, आदल्या दिवशी हळदीत सासूबाईंचा मोबाइल तेलाच्या वाटीत पडला होता. फोन चालू, पण स्क्रीन काळी ठिक्कर! दोन, माझा मोबाइल तेजश्रीबरोबर गेला होता, कारण तिच्या मेंदीचे फोटो त्यात होते. आणि तीन, हळदीला गाणी म्हणून म्हणून माझा घसा असा बसला होता की तोंडातून नुसती हवा यायची. स्टोव्हला पिन मारल्यासारखी.

"आपल्याला काय फरक पडतोय!" मी फुसफुसले. "बटण दाबलं की झालं."

नदीवरचा पूल ओलांडला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चुकवत पारगावच्या पुढं आलो. सासूबाई मांडीवर शालू घेऊन देवघरातल्या मूर्तीसारख्या बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी डोक्यावर हात मारला.

"अगं बया! अंगठी!"

"कसली?"

"जावयाची! सोन्याची! पिठाच्या डब्यात ऱ्हायली!"

मी ब्रेक मारला. मागचा ट्रॅक्टरवाला मला माझ्या माहेरावरून काहीतरी बोलून पुढं गेला.

सासूबाईंचं एक तत्त्व आहे. दागिना कपाटात ठेवायचा नाही. "चोर कपाट फोडंल, पीठ कशाला मळंल?" म्हणून त्यांनी ती अंगठी जुन्या पिठाच्या डब्यात पुरली. त्या पिठात किडे झालेले, त्यामुळं तिकडं कुणी फिरकत नाही. इथवर ठीक. पण आज सकाळी त्यांनीच निघता निघता आबांना सांगितलं होतं, "जाताना ते किडकं पीठ राणीच्या आंबोणात घाला, वाया कशाला घालवायचं?"

राणी ही आमची म्हैस.

"म्हंजी अंगठी म्हशीच्या पोटात!" मी म्हटलं.

"आन् मांडवात जावयाला काय सांगू? जरा थांबा, म्हैस उठली की देते?"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्यावारी न्यायचं नव्हतं हो. ती अंगठी त्यांनी कोंबड्या-अंडी विकून, भिशी लावून स्वतःच्या पैशानं केली होती. आबांना एक पैसा मागितला नव्हता. लेकीच्या सासरी ताठ मानेनं उभं राहायचं म्हणून. मागं फिरावं तर शालू दौंडला पोचणार नाही आणि नवरी साध्या साडीवर उभी राहणार. पुढं जावं तर राणीचं जेवण उरकणार. फोन हाच एक उपाय! कुणाचा मागून घ्यावा, तर आबांचा नंबर कुणाला पाठ आहे? मला माझाच नीट येत नाही.

मी ऐटीत बटण दाबलं. गाडीतली बाई म्हणाली, "प्लीज से अ नेम."

"मारुतराव," मी जोर लावून फुसफुसले.

सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "सासऱ्याचं नाव घेतीस? तेबी नुसतं?"

"नो मॅच फाउंड," बाई म्हणाली.

"बघा, माझा घसा तिला कळत न्हाई. आई, तुम्ही बोला."

"काय बोलू? ती काय म्हणतीया?"

"ती म्हणते, नाव घ्या."

एवढंच बोलले मी. पण मराठी बाईला 'नाव घ्या' म्हटल्यावर काय होतं हे त्या इंग्रजी बाईला काय माहीत! सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. मान खाली घातली. गालावर लाली आली.

"चल! या वयात? रस्त्यावर?"

"आई, उशीर होतोय! नाव घ्या!"

"मी न्हाई घेणार. त्येंचं नाव मी कवा नुसतं घेतलं न्हाई. म्हशीचं सांग, धा वेळा घेते."

"म्हशीला मोबाइल न्हाई!"

त्यांनी विचार केला आणि तडजोड म्हणून गाडीच्या डॅशबोर्डला सांगितलं, "बाई, रवीच्या आबांना लाव."

"कॉलिंग रवी," बाई म्हणाली.

रविराजनं उचलला. पलीकडं बँडवाले सनई-ढोलाची तालीम करत होते. सासूबाई ओरडल्या, "रवी, अंगठी पिठात हाय!" तो ओरडला, "पीठ आलंय, काळजी करू नका! आवाज येत न्हाई, मेसेज टाक!" आणि फोन बंद! पुन्हा लावला तर उचलायचं नाव नाही. काळ्या स्क्रीनवर मेसेज कुठून टाकणार? रोबोटवाला माणूस, दुसरं काय!

"आई," मी कसंबसं म्हटलं, "'रवीच्या' असं म्हणू नका, ती रवीलाच लावते. नुसतं मुख्य नाव घ्या. ज्याला फोन करायचा त्याचं!"

"नुसतं न्हाई घेणार. उखाण्यात घेते. चालंल तिला?"

आता तुम्ही सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? म्हटलं, घ्या. बटण दाबलं. बाईनं पुन्हा विचारलं. सासूबाई सावरून बसल्या, घसा खाकरला आणि हळदीकुंकवाच्या आवाजात म्हणाल्या:

"भीमेच्या काठावर महादेवाचं राऊळ,
मारुतरावांच्या जिवावर टाकते पुढचं पाऊल!"

"कॉलिंग महादेव आप्पा," बाई म्हणाली.

माझ्या हातातलं स्टिअरिंग गार पडलं.

महादेवआप्पा म्हणजे आबांचे चुलतभाऊ. आमच्या घराला त्यांचं घर लागून. मध्ये एक भिंत, शेतात मध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून दोघांत कायमचा अबोला. एकानं दगड हलवला, दुसऱ्यानं परत हलवला, आता दगडालाही कळत नाही आपण कुणाचे. लग्नाची पत्रिका आबांनी भिंतीवरून टाकली होती. भावकीत बोलावणं तोंडानं द्यायचं असतं, घरी जाऊन. भिंतीवरून टाकतात तो पेपर! आप्पांनी ती पत्रिका तशीच भिंतीवरून परत टाकली. बोलणं बंद होतं, नंबर मात्र चालू होता, कारण भरणारी मी होते आणि मला भांडणं लक्षात राहत नाहीत.

"कट करा, कट करा!" मी फुसफुसले आणि बटण शोधायला लागले. गाण्याचा आवाज वाढला. काचा खाली गेल्या. सासूबाईंना वाटलं, मी म्हणतेय पुन्हा म्हणा. त्यांनी चढ्या आवाजात पुन्हा सुरुवात केली, "भीमेच्या काठावर महादेवाचं..."

"आं?" गाडीच्या चारी स्पीकरमधून आवाज आला. "कोण? वहिनी?"

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"वहिनी, तुम्ही माझं नाव घेऊन फोन केला?" आप्पांचा आवाज जड झाला. "इतक्या वर्सांनी? मी हितं अंगणात बसलोय बगा. गाव सगळं लग्नाला गेलं, आमचंच एक घर कुत्र्यावाणी मागं ऱ्हायलंय."

मी बघत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून किती काय काय गेलं! मग त्यांनी पदर खोचला.

"भावजी, पळा! म्हशीला थांबवा!"

"कुठल्या?"

"आमच्या राणीला! तिला आंबोण खाऊ देऊ नका! त्यात तेजूच्या नवऱ्याची अंगठी हाय!"

"वहिनी, हे लग्नाचं आवतण हाय का म्हशीचं?"

"दोन्ही!" सासूबाई किंचाळल्या. "तुमच्याबिगर लग्न लागंल व्हय? मला का बरं वाटलं असंल त्येंनी पत्रिका भिंतीवरून टाकली तवा? पर आदी म्हैस!"

पुढं जे झालं ते आम्ही कानांनी पाहिलं. आप्पांनी फोन चालूच खिशात टाकला. चपलांची फटफट आली. धाप आली. मग "आई गं!" म्हणजे भिंत आली. मग धप्प! म्हणजे आमचा गोठा. मग राणी रेकली. आणि मग आबा गरजले.

"ए म्हाद्या! माझ्या गोठ्यात पाय ठेवायची हिंमत कशी झाली?"

"मारत्या, आंबोणाची पाटी सोड!"

"माझी म्हैस, माझं आंबोण! तुजं काय?"

"बांधाचं मागनं बगू, पाटी सोड म्हंतो ना!"

"न्हाई सोडत!"

"अहो!" सासूबाई डॅशबोर्डवर वाकून ओरडल्या. "अहो, ऐका की! सोडा की पाटी!"

पलीकडं एकदम शांतता. राणीसुद्धा गप्प. मग आबांचा बारीक झालेला आवाज.

"विठे? तू म्हाद्याच्या खिशात काय करतीस?"

आणि धाडकन काहीतरी पडलं. पत्र्याचा आवाज, राणीचा आवाज, दोघांपैकी कुणाचातरी "मेलो!" आणि मग बाई शांतपणे म्हणाली, "कॉल एंडेड."

गोठ्यात कोयता असतो, फावडं असतं, आणि बांधावरून पेटलेले दोन म्हातारे होते. सासूबाईंनी माझा दंड धरला. "स्नेहल, मीच त्येला तिथं पाठवलं गं. काय बरंवाईट झालं तर? अंगठी जाऊ दे मसणात!"

मी आप्पांना पुन्हा लावायला बटण दाबणार, तेवढ्यात सासूबाईंनीच स्टिअरिंगवर हात घातला आणि बटण दाबलं. अगदी बरोबर बटण! बाईनं विचारलं. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर मागं टाकला, समोर रस्त्याकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, उखाणा नाही, राऊळ नाही, पाऊल नाही, खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"मारुतराव!"

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत.

"नो मॅच फाउंड," बाई म्हणाली.

"काय म्हणली?"

"म्हणते... या नावाचं कुणी न्हाई."

"कुणी न्हाई?" सासूबाईंचा आवाज फुटला. "लग्न झाल्यापासनं जपलं ते नाव आज रस्त्यावर घेतलं, आन् ही भवानी म्हणती कुणी न्हाई?" आणि त्यांनी डॅशबोर्डला एक चापट दिली. तेव्हापासून आमचा एसी गरम हवा देतो.

महादेवआप्पांनाही लावला, तो बंद लागत होता. चौफुल्यापासून दौंडपर्यंत सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. शालूवर टिपं पडू नयेत म्हणून त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला होता. मी गिअर शालूखाली हात घालून टाकत होते.

कार्यालयात शालू पोचला, तेजश्री नटली, अंतरपाट धरायची वेळ आली. आम्ही दोघी फाटकातच. व्याही येऊन विनयानं म्हणाले, "विहीणबाई, मुहूर्त!" सासूबाई मान हलवत होत्या, पण डोळे रस्त्यावर.

आणि शाकीरभाईचा टेम्पो आला!

"आलेऽऽऽ!" मी अशी ओरडले की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. घसा कधी सुटला ते मलाच कळलं नाही.

टेम्पोतून दोन भुतं उतरली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, टोपी कुठली आणि कपाळ कुठलं कळेना. मागून आप्पांचं अख्खं घर, लेकी-सुना-नातवंडं, धडाधड उड्या मारत उतरलं.

"ताई, मी येतो तवा दोघं गोठ्यात गुडघ्यावर!" शाकीरभाई पोट धरून सांगत होता. "एकानं चाळणी धरलेली, एक पीठ टाकतोय. चाळणी उलटी! मी सुलटी करून दिली!"

जन्मात चाळणी हातात न धरलेल्या त्या दोघांनी मिळून अख्खा डबा चाळला होता. आप्पांनी मूठ उघडून अंगठी वहिनींच्या हातात ठेवली. "राणीनं एकदा जिभेवर घेतली होती," ते म्हणाले, "पर परत दिली. मोठ्या मनाची हाय." फोनचं विचारलं तर म्हणाले, त्यो पाटीत पडला.

सासूबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. आबा मात्र कोपऱ्यात पाय घासत उभे होते. हळूच म्हणाले, "सगळं निभावलं. पर एवढी नड आली, तर माझ्याआधी म्हाद्याला फोन?"

"तुम्हांलाच लावत होते वो!" सासूबाई उसळल्या. "तुमचं नाव घेतलं मी! भर रस्त्यात! ती बाई म्हणली, या नावाचं कुणी न्हाई!"

आबा थबकले. "नाव घेतलं? उखाण्यात?"

"नुसतं."

पिठाखाली माणूस लाजलेला दिसतो का? दिसतो. मी पाहिलंय. आबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मिशीवरचं पीठ झटकलं आणि म्हणाले, "मग आता परत एकदा घे की."

"चला! अक्षता पडायच्या हायत!"

लग्न वेळेत लागलं. जावयाच्या बोटात अंगठी गेली. आप्पा नवरीचे चुलते म्हणून मानानं पुढं उभे राहिले, आणि त्यांच्या घरातल्या मंडळींमुळं शेवटच्या पंगतीला जिलबी कमी पडली, ते आबांनी अजून कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण रविराज! ज्याला दिवसभर अंगठीचं आणि पिठाचं काही कळलं नव्हतं, तो जेवणं झाल्यावर सगळ्यांना गाडीपाशी घेऊन गेला. म्हणाला, "मी तवाच म्हणलं होतं, सिस्टीम खराब हाय. आबांचा नंबर हाय तिच्या फोनमधी, लागत कसा न्हाई?" आसनाखाली पडलेला सासूबाईंचा काळा मोबाइल त्यानं पुसला, किल्ली फिरवली, बटण दाबलं.

"प्लीज से अ नेम."

रविराज सहज म्हणाला, "आबा."

"कॉलिंग आबा," बाई म्हणाली. आणि आबांच्या खिशात, पिठानं भरलेल्या खिशात, फोन वाजायला लागला.

आबा फोनकडं बघत होते. आप्पा आबांकडं बघत होते. सासूबाई मात्र दोघांकडंही बघत नव्हत्या. दिवसातून शंभरदा त्या हाक मारतात तो शब्द! 'रवीच्या' एवढंच गाळायचं होतं!

"स्नेहल," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मोबाइलात नंबर कुणी भरले होते गं?"

मी गळ्याला हात लावला आणि खुणेनंच सांगितलं, आवाज न्हाई!